कुंदानं स्थळ शोधलं

रिछाईच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या कुंदाला बावन्नाव्या वर्षी लग्न करावंसं वाटलं. आईवडिलांच्या आजारपणात तिचं लग्नाचं वय निघून गेलं होतं. आता ते दोघंही नव्हते, आणि महाराजपूरच्या घरात ती धाकट्या भावाच्या, श्रीरंगच्या, संसारात राहत होती. एका रविवारी घरच्या कॉम्प्युटरवर तिनं पन्नाशीनंतरच्या लग्नांची एक साइट उघडली, जरा वेळ पाहिली आणि बंद केली. कोणाला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी श्रीरंग त्याच कॉम्प्युटरवर क्रिकेटच्या बातम्या वाचायला बसला, तर बाजूला जाहिरात: पन्नाशीनंतर जोडीदार शोधा. पान बदललं तरी तीच. घरात पन्नाशी ओलांडलेलं, बिनलग्नाचं माणूस एकच होतं. जेवताना तो म्हणाला, "ताई, या वयात हे काय करून राहिली तू?"

कुंदा ताट घेऊन उठली. आपलं गुपित फोडलं कोणी, हे तिला आधी शोधून काढायचं होतं.

ते श्रीरंगच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं, प्रतिमानं, उलगडून सांगितलं. साइट उघडली की ती आपल्या ब्राउझरमध्ये एक बारीकशी नोंद ठेवते, तीच कुकी. पुढच्या वेळी ती साइट आपल्याला त्यावरून ओळखते. पण त्याच पानावर जाहिरातवालेही स्वतःची कुकी ठेवून जातात, आणि ते शेकडो साइटींवर असतात. आपण जिथं जाऊ तिथं त्यांना आपली खूण पटते. नाव नसलं तरी चालतं. या कॉम्प्युटरवरून कोणी लग्नासाठी जोडीदार शोधतंय, एवढं त्यांना पुरतं.

"मले न विचारता?" कुंदानं विचारलं.

"कधी विचारतात, आत्या. आपण न वाचताच ओके दाबतो."

कुंदानं सगळ्या कुकीज पुसून घेतल्या, जाहिरातवाल्यांच्या बंद करायला ती शिकली. आता कोणाला कळणार नाही, असं प्रतिमा म्हणाली. कुंदा तडक बाहेरच्या खोलीत गेली.

"श्रीरंग, स्थळ मीच शोधून राहिली. कोणाले सांगायचं, केव्हा सांगायचं, ते मी ठरवीन. ती कंपनी नाही, अन् तूही नाही."

त्याच आठवड्यात कुंदानं साइटवर नाव-फोटो दिला आणि तिथं भेटलेल्या पनागरच्या नीलकंठरावांना घरीच चहाला बोलावलं. त्यांना नोकरी सोडणारी बायको हवी होती. तिनं तिथंच नाही म्हटलं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा तीच साइट उघडून कॉम्प्युटरपुढं बसली. श्रीरंग मागून गेला. तिनं पान बदललं नाही.