बाहेर उघडणारं दार

आमचं जुनं दार सागाचं होतं, दोन फळ्यांचं. खालून जराशी वाळवी लागली होती, तेवढंच. पण मुलाला कल्याणला नोकरी लागली आणि त्याला त्या दाराची लाज वाटायला लागली. ऑफिसातली माणसं घरी येणार म्हणे. आली कधीच नाहीत. पण त्यांच्यासाठी घराची दारं-खिडक्या बदलायचं ठरलं आणि मुरबाडहून एक फिटर आला. फिटर म्हणजे कमरेला टेप, कानाला मोबाइल आणि डोक्यात काही नाही.

त्याने आधी मापं घेतली. मग घरात लादी बसली. मग तो दार घेऊन आला. लादीमुळे जमीन वर आली होती, त्यामुळे दार आत उघडेना. मी म्हटलं, खालून रंधा मार. तर म्हणे या दाराला रंधा मारला की प्लाय सुटतो. सुटतो तर आणलं कशाला? त्याने सरळ बिजागऱ्या फिरवल्या आणि दार बाहेर ओटीवर उघडेल असं बसवलं. वर मलाच सांगायला लागला, बाबा, आता फ्लॅटला अशीच असतात. मी मुलीकडे डोंबिवलीला राहून आलोय. फ्लॅटचं दार आत उघडतं एवढं चौथी नापास माणसालाही दिसतं.

मागचं दार तर भिंतीतल्या जागेपेक्षा मोठं निघालं. कापून आणतो म्हणाला, तोवर बाहेरून पत्रा ठोकला आणि दार गोठ्याला टेकवून गेला. त्याच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. खिडक्या सरकत्या, अर्धी उघडली की अर्धी बंद, आणि बाहेरून लोखंडी जाळी. पैसे घेतल्यावर त्याचा मोबाइल लागेना.

समोर माझा चुलतभाऊ राहतो, माझ्याच वयाचा. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते बघणं हाच त्याचा धंदा. दार उलटं बसलं त्या दिवशी तो अंगणात उभा राहिला आणि चार माणसांदेखत म्हणाला, "बाहेर उघडतंय व्हय? बरं केलंस. पोराला तुला ढकलायला सोपं पडंल."

माणसं हसली. मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, "माझ्या दाराचं मी बघीन. मेलो तरी तुला हाक मारणार नाय."

"बघू," एवढंच तो म्हणाला.

त्यानंतर आमचं बोलणं बंद. पावसाळा सरला, भात झोडून झालं, खळ्यावर गोण्या भरल्या. त्या दिवशी बायको धसईच्या बाजाराला गेली होती. मी जेवून आडवा झालो आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं. जुनं दार दिवसभर उघडं असायचं. याचं लॅच आपोआप बसतं. खळ्यावरून टेम्पो आला. ड्रायव्हरने दार बंद बघितलं, घरात कोणी नाही असं धरलं आणि हमालाला घेऊन सगळ्या गोण्या ओटीवर दाराला टेकवून रचल्या, छातीएवढ्या. पंख्याच्या घरघरीत मला काही ऐकू आलं नाही.

उठून लॅच फिरवलं, दार ढकललं तर बोटभर हललं. फटीतून गोणपाट दिसलं. मागे जाऊन पत्र्याला लाथ घातली, तर पायच सुजला. शेवटी खिडकीशी आलो. समोर ओटीवर चुलतभाऊ विडी ओढत बसलेला. गोण्या रचताना त्याने सगळं बघितलं असणार. टेम्पोवाल्याला एक शब्द बोलला नाही. माझीच वाट बघत होता.

"काय रे, अडकलास?"

"वारा घेतोय."

"घे. हाक मार, मंग येतो."

आणि त्याने दुसरी विडी पेटवली. थोड्या वेळात बाजारची एसटी येणार, अख्खा पाडा त्यातून उतरणार आणि जाळीमागे मला बघणार. हा तेवढ्यासाठीच बसला होता. एक हाक मारली असती तर सुटलो असतो. मारली नाही. कोपऱ्यातली कुऱ्हाड घेतली.

पहिल्याच घावाला कुऱ्हाड दांड्यापर्यंत आत गेली. जुन्या दारावर असा घाव घातला असता तर ती उलटी माझ्या कपाळावर आली असती. या दारात लाकूडच नव्हतं. दोन बाजूंना पापडासारखा प्लाय, मधे पुठ्ठा. वरचा भाग फोडला, खुर्चीवर चढलो आणि पोटावर सरपटत गोण्यांवर आलो. लेंगा अडकून मांडीपर्यंत फाटला. तोवर चुलतभाऊ ओटीपाशी आला होता. त्याने हात पुढे केला. मी दुसऱ्या बाजूने उतरलो.

तेवढ्यात एसटी आली. बायको पिशवी घेऊन उतरली. तिने दार बघितलं, गोण्या बघितल्या, माझा लेंगा बघितला. माझ्यावरून नजर काढून ती त्याला म्हणाली, "भावजी, जरा हात लावा. दंव पडायच्या आत भात आत घ्याया पायजे."

तिने काही शब्द दिलेला नव्हता.

गोणीचं एक टोक त्याने धरलं, दुसरं मी. आधी दार मोकळं केलं, मग सगळं भात माजघरात नेलं. शेवटी त्याने फुटक्या दारात हात घातला आणि पुठ्ठ्याचा तुकडा ओढून काढला. त्याच्यावर बिस्किटांचं चित्र होतं.

"पोरानं तुला खाऊ आणलाय रे," तो म्हणाला.

मी फिटरला एक शिवी दिली. चुलतभावाने तिच्यापेक्षा मोठी दिली. इतक्या महिन्यांत आमचं पहिल्यांदा कशावर तरी पटलं होतं.

बायकोला चहा ठेव म्हणून सांगितलं. त्याला मी बस म्हटलं नाही. तो आपला आपणच बसला.