देवांना घेऊन पोखर्णीला

परभणीहून सकाळच्या गंगाखेड गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. मांडीवर पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा आणि डब्यात फडक्यात गुंडाळलेले माझे पाच देव. कंडक्टरनं विचारलं, एकच तिकीट का आजी? मी म्हटलं एकच, देवांना तिकीट लागत नाही. तो हसला आणि पुढं सरकला. मला अजून बोलायचं होतं, पण त्याला कुठली सवड?

निघाले कशासाठी ते सांगते. आमच्या घरचे टाक (चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले देव) सासूबाईंनी माझ्या हाती दिले. मला लेकरू नाही. हे जाऊन सात वर्षं झाली. आता माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, दीड महिना बिछाना. तेवढे दिवस देवांना आंघोळ कोण घालणार, आणि माझ्यानंतर कोण? दिरांना फोन केला, तर म्हणाले, "वहिनी, आमच्याकडं आमचे हाएत. तुमचे गंगेत सोडून द्या." गंगा म्हणजे आपली गोदावरी. मांजराचं पिल्लू सोडावं तसं बोलले. मग ठरवलं, आमचं कुलदैवत पोखर्णीचा नरसिंह, त्यालाच विचारायचं. हो म्हणाला तर तसंच पुढं गंगाखेडला नदीवर, नको म्हणाला तर देव घेऊन माघारी.

विचारायची माझी रीत जुनी आहे. पूजा झाली की टाकाला कौल लावते. दोन्ही अंगांना ओल्या गंधानं एकेक पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. आज बाजाराला जाऊ का? भाचीला फोन करू का? घरात माझ्याशी बोलणारं तेवढंच उरलं होतं. भाचीच्या फोनला मात्र देव नेहमी नकोच म्हणायचा.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळं रान, कापूस फुटलेला. पोखर्णीला उतरले तर गुडघ्यानं पहिल्या दहा पावलांतच कुरकुर सुरू केली. देवळात गाभाऱ्याचं दार लहान, अंग चोरून, वाकून आत जावं लागतं. मला काही ते जमेना. गुरवांनी माझा डबा आत नेला, टाक देवाच्या पायाला लावून बाहेर आणले. "झाली भेट, सरका आता," म्हणाले. मागं रांग होती, त्यांचं तरी काय चुकलं.

मी बाहेर सावलीला बसले. शेजारी एक बाई लसणाचा ढीग घेऊन सोलत होती. मानवतकडची, नातवाच्या नवसाला सगळं घर घेऊन आलेली. रोडगे (गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे) लागले होते, त्यांचा वास सुटला होता. कुठल्या, किती लेकरं, एकट्याच का, असं तिनं सगळं विचारून घेतलं. मीही सांगत गेले. मग नरसिंहाचा टाक डब्याला टेकवून उभा केला, पाकळ्या लावल्या, हात जोडले.

"मावशी, रागावू नका," ती म्हणाली, "पर उजवीकडं गंध लय जाड थापलाय तुमी. ती पाकळी कशी पडल?"

मी बघितलं. खरंच, बोटभर गंध. डावीकडं नुसता ओला डाग. हातानं आपलं आपणच केलं होतं. आणि मग मला भाचीचा फोन आठवला. किती महिने असंच थापत आले असेन मी, आणि नाव देवाचं.

तिनं पदराला हात पुसले, टाक धुतला, दोन्हीकडं सारखं गंध लावलं. "इचारा आता." तिची सून लसूण मागत होती, तरी ती उठली नाही. मी विचारलं, सोडू का गंगेत? थोड्या वेळानं उजवी पाकळी पडली.

मग ती उठली. दोन रोडगे आणि वांग्याची भाजी आणून दिली. मी खाल्लं, चव काही कळली नाही.

रस्त्यावर आले तर गंगाखेडची गाडी आधी आली. थांबली. कंडक्टर चला चला म्हणत राहिला. माझा पाय उचलेना. गाडी गेली. तासाभरानं परभणीची मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा देवाला विचारून त्याचं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवांना आंघोळ घातली आणि समोरचं दार वाजवलं. तिथं एक शाळेतल्या बाई राहतात. वर्ष होत आलं, पण नळाला पाणी आलं का, याच्या पलीकडं आमचं बोलणं नाही. त्या खांद्याला पर्स लावून निघालेल्या. मी एका दमात सांगितलं, दीड महिना माझ्या देवांना आंघोळ घालाल का?

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, उगीच आले. पण उत्तर माझ्या हातात नसताना असं उभं राहायची मला सवयच राहिली नव्हती.

त्यांनी पर्स खाली ठेवली. "काकू," त्या म्हणाल्या, "पाणी गरम लागतं का गार?"