कुठल्या ओळीवरून?

आमच्या शाळेत सातवीला भाषा शिकवणाऱ्या बाईंना मुलं ‘ओळबाई’ म्हणायची. धड्यातला म्हातारा दुःखी आहे असं कुणी म्हटलं, की बाई लगेच विचारायच्या, “कुठल्या ओळीवरून?” घरी यजमानांनी “चिडलीस का?” म्हटलं तरी त्या ओळ मागत असणार, असं आम्ही शिक्षकखोलीत हसायचो. मी तिथे चित्रकला शिकवायचे.

वर्गात वाघीण असलेल्या बाई बाहेर मात्र भलत्याच भित्र्या. फोन वाजला तरी दचकायच्या.

एका दुपारी कथा चालली होती. त्यातली मुलगी बूट घालूनच झोपते. का, ते लेखकाने सांगितलेलं नव्हतं.

“सांगितलं नाही, पण खुणा ठेवल्यात. शोधा,” बाई म्हणाल्या.

“थंडी असेल.”

“शाळेला उशीर होऊ नये म्हणून!” वर्ग खिदळला.

खिडकीजवळ बसणारी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी एक मुलगी हळूच म्हणाली, “पावलं वाजली की पळता यावं म्हणून.”

“छान. कुठल्या ओळीवरून?”

मुलीने पानावर बोट फिरवलं. पावलांचा उल्लेख कुठेच नव्हता. “ओळ नाही, बाई. पण नाड्या आधीच बांधून ठेवायच्या. आणि दाराच्या मागे झोपायचं. दार उघडलं की आपण दिसत नाही.”

मुलं पुन्हा हसली. बाईंनी पुस्तक मिटलं.

शाळा सुटल्यावर वह्या लावायच्या निमित्ताने त्यांनी तिला थांबवून घेतलं. “बाळ, तुझ्या घरी कोण येतं असं?”

“बाबा. आईला मारून झालं की माझ्याकडे.” मग एकदम रडवेली होऊन, “बाई, घरी सांगू नका हं!”

तेवढ्यात दारात एक माणूस उभा राहिला. इस्त्रीचा सदरा, तोंडभर हसू. मुलीच्या हातातली वही खाली पडली.

“काय सांगत होती आमची लेक?”

“धड्याबद्दल बोलत होतो,” बाई कशाबशा म्हणाल्या.

“धड्याबद्दल एवढा वेळ?” तो हसतच होता. मुलीचा दंड धरून तो तिला घेऊन गेला. जिना उतरेपर्यंत तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. त्यांनी चष्मा काढून विचारलं, “पुरावा काय आहे तुमच्याकडे? उगाच एखाद्याच्या संसारात नाक खुपसू नका.”

बाई तशाच बाहेर आल्या. आपण चुकीचं वाचलं असेल तर, असं त्यांच्या मनात आलं. आणि बरोबर असेल, तर आत्ता त्या घरी काय चाललं असेल? शिक्षकखोलीत येऊन त्यांनी मला सगळं सांगितलं. मग प्रवेशअर्जांचा गठ्ठा काढून त्यांनी मुलीच्या अर्जावर अडीअडचणीसाठी दिलेला मावशीचा नंबर शोधला. दोनदा चुकीचा लागला. तिसऱ्यांदा मावशी बोलली. ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “मला वाटतच होतं. निघतेच मी.”

मावशी त्याच संध्याकाळी पोलिसांना घेऊन मुलीच्या घरी गेली. आई आणि मुलगी अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडल्या. आईचा हात मोडलेला होता.

पोलिसांनी बापाला धरलं, पण दोन दिवसांत सोडलं. तिसऱ्या दिवशी तो शाळेच्या फाटकासमोर उभा होता. बोलत काही नसे, बाई दिसल्या की नुसती मान हलवायचा. महिनाभर मी त्यांच्यासोबत घरापर्यंत चालत जायचे. त्या माझा हात इतका घट्ट धरायच्या, की बोटांचे वळ उठायचे.

“तुम्हाला पस्तावा होतो का?” एकदा मी विचारलं.

“भीती वाटते गं,” त्या म्हणाल्या. “पस्तावा कशाचा?”

पुढे तो यायचा थांबला. का, ते कळलं नाही. मुलगी मावशीच्या गावी दुसऱ्या शाळेत जाऊ लागली. बाई मात्र निवृत्त होईपर्यंत गर्दीच्या, लांबच्या रस्त्यानेच घरी जात राहिल्या.