हौदा मॅडमची तपासणी

समोरच्यानं काहीही सांगितलं की त्या आधी चष्मा कपाळावर चढवायच्या आणि मग म्हणायच्या, "हौदा?" कानडीत याचा अर्थ 'हो का?' एवढाच. अक्कलकोटकडच्या माणसाच्या तोंडी तो शब्द दिवसातून पन्नासदा येतो आणि त्यात वावगं काही नसतं. पण या बाईंच्या तोंडून तो आला की सांगणाऱ्याला वाटायचं, आपण आत्ताच खोटं बोललो. खरं बोलला असला तरी. पहिल्याच दिवशी आमच्या मॅनेजरसाहेबांनी हात जोडून सांगितलं, "मॅडम, आपल्या शाखेविरुद्ध आजवर एक तक्रार नाही."

"हौदा? तक्रारवही कुठं आहे?"

वही सापडायला संध्याकाळ झाली. ती पूर्ण कोरी होती. बाईंनी पानं उलटली नाहीत. मागच्या पुठ्ठ्यावर दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली होती, ती नखानं खरवडून पाहिली आणि वही परत दिली. दुसऱ्या दिवसापासून सगळी शाखा त्यांना हौदा मॅडम म्हणायला लागली, अर्थात पाठीमागं.

मी तेव्हा घरकर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या सोलापूर शाखेत होते. करमाळ्याहून येऊन जुळे सोलापुरात एका खोलीत राहत होते, नोकरीला दोन वर्षं झाली होती. अशा कंपन्यांवर देखरेख ठेवणारं एक सरकारी कार्यालय आहे, तिथून हौदा मॅडम आल्या होत्या. हप्ते थकलेल्या माणसाचं घर लिलावात काढण्याआधी कंपनीनं त्याला वाट काढून दिली का, म्हणजे हप्ता कमी करून, मुदत वाढवून, काही महिने सूट देऊन घर वाचवायचा प्रयत्न केला का, हे तपासून त्या कंपनीला श्रेणी देणार होत्या. श्रेणी तीनच होत्या: किरकोळ सुधारणा हवी, मध्यम सुधारणा हवी, मोठी सुधारणा हवी. "उत्तम अशी श्रेणीच नाही का, मॅडम?" असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "ठेवली असती तर सगळ्यांनी तीच मागितली असती."

त्यांना फायली काढून द्यायचं काम माझ्याकडं आलं. मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून हळूच सांगितलं, "वैशाली, बाई काय लिहितात तेवढं बघत जा. संध्याकाळी मला सांग." मी त्यांच्या टेबलाशेजारी खुर्ची घेतली. बाईंनी मान वर न करता विचारलं, "माझ्यावर लक्ष ठेवायला बसवलंय ना? बसा. पण अशा बसा, वारा या बाजूला येतो." मी लाजून खुर्ची सरकवली.

फाईल त्या शेवटच्या पानापासून वाचायच्या. "पहिलं पान सगळ्यांचंच चांगलं असतं," असं त्यांचं म्हणणं. आमचा चहा त्यांनी अकरा दिवसांत एकदाही घेतला नाही. घरून थर्मास आणायच्या आणि टेबलावरून उठताना आपली वही बरोबर न्यायच्या, हात धुवायला गेल्या तरी. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. एवढा संशय घेऊन हे माणूस रात्री झोपतं तरी कसं, असं वाटायचं.

त्यांचा संशय नेहमी बरोबर ठरायचा असंही नाही. तिसऱ्या दिवशी फायलींचा एक गठ्ठा सापडेना. आमचे शिपाई महादूमामा तीस वर्षं नोकरी केलेले, सरळ माणूस. बाईंनी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "कुणी काढून ठेवायला सांगितलं? किती दिले?"  मामा म्हणाले, "आवो मॅडम, मी कशाला काढीन की? मला वाचायला तरी कुटं येतंय?" दुसऱ्या दिवशी गठ्ठा दुसऱ्याच कपाटामागं पडलेला सापडला. बाई उठल्या, सगळे बसलेले असताना मामांपुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. सगळ्यांसमोर विचारलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगते." मामांनी डोळे पुसले. जागेवर परत येताना बाई मला म्हणाल्या, "तरी उद्या गठ्ठा हरवला तर परत विचारीनच. फक्त आत बोलावून."

पाचव्या दिवशी त्यांनी एकोणीस फायली टेबलावर एका रांगेत मांडल्या, सगळ्यांचं शेवटचं पान वर. प्रत्येकावर एकच नोंद होती: 'कर्जदाराशी दूरध्वनीवर बोलणे झाले. सवलत नको असे कर्जदाराने सांगितले.'

"घर जायची वेळ आलीय आणि एकोणीसच्या एकोणीस जण म्हणतात, सवलत नको. आणि तेही एकाच वाक्यात. हौदा?"

 त्या नोंदी मी टाईप केल्या होत्या. तपासणीच्या आदल्या आठवड्यात मॅनेजरसाहेबांचा फोनवर निरोप आला होता, 'थकीत फायलींवर बोलणं झाल्याची नोंद टाक, मजकूर खाली देतोय.' मी दोन दुपारी बसून ते काम संपवलं होतं. फोन कुणालाच केला नव्हता. तेव्हा ते मला फार मोठं वाटलं नव्हतं. सगळीकडं असंच चालत असेल, असं वाटलं होतं.

"उद्या आपण दोन घरं बघून येऊ," बाई म्हणाल्या.

होटगी रोडच्या पहिल्या घरातला माणूस रडायलाच लागला. धंदा बसला, खायची भ्रांत आहे, कंपनीनं विचारलं नाही. माझा जीव कळवळला. बाई मात्र जिन्याखालच्या विजेच्या मीटरांकडं बघत होत्या. "दोन मीटर आहेत. वर भाडेकरू आहे का?" तो म्हणाला, "पाहुणे आहेत." तेवढ्यात वरून एक बाई खाली आली आणि त्याला म्हणाली, "मालक, पाण्याची मोटार लावा की." रिक्षात बसल्यावर हौदा मॅडम म्हणाल्या, "फाईल खोटं बोलते तसं माणूसही बोलतं. कुणाच्या बाजूनं व्हायची घाई करू नका."

दुसरं घर कुंभारी रस्त्याच्या बाजूला, विडी कामगारांच्या वस्तीत. कर्जदार अंबादास टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचा. कारखाना बंद पडल्यापासून एका गोदामावर राखणीला होता. तो कामावर गेलेला. त्याची बायको लक्ष्मीबाई उंबऱ्यात सूप घेऊन विड्या वळत बसली होती. पुढच्या सोमवारी त्यांच्या घराचा लिलाव होता. नोटीस दारालाच चिकटवलेली.

बाईंनी विचारलं, "कंपनीचा फोन आला होता? हप्ता कमी करून देऊ म्हणून?"

"कुनाचा फोन न्हाय आला ओ मॅडम. उलट आमीच गेलतो की. हप्ता कमी करा म्हणून अर्ज दिला. तर म्हनले, उत्पन्न कमी पडतंय, बसत न्हाय."

"तुमचं विड्यांचं धरलं होतं का त्यात?"

"ते धरायचं असतंय?" लक्ष्मीबाईनं सूप बाजूला ठेवलं. "माझी मजुरी बँकेत येती की. पासबुकाची झेरॉक्स दिलती मी. पावती हाय."

ती आत गेली. मला ती पावती कशी असेल ते आठवलं. तिनं पिठाच्या डब्यामागून प्लॅस्टिकची पिशवी आणली, त्यातून चार घड्या घातलेला कागद काढला. कागदावर शाखेचा शिक्का होता. खाली सही माझी होती.

लक्ष्मीबाईनं मला ओळखलं नाही. ती अर्ज द्यायला आली तेव्हा काउंटरवर गर्दी होती आणि मी तिच्याकडं धड बघितलंही नव्हतं. झेरॉक्स घेतली, पावती दिली, कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. फाईलमध्ये तो कधी लागलाच नाही. साहेबांनी तो का लावला नाही, हे मला आजही नक्की माहीत नाही. लिलावातली घरं घेणारा एकजण केबिनमध्ये बसलेला असायचा. त्यावरून लोक बरंच बोलायचे. सिद्ध मात्र काही झालं नाही.

 परतीच्या वाटेवर सात रस्ता चौकात रिक्षा सिग्नलवर थांबली तेव्हा मी म्हणाले, "मॅडम, ती सही माझी आहे. आणि त्या एकोणीस नोंदीही मीच टाकल्यात."

"माहीत आहे. हजेरीत तुझी सही रोज बघते मी." पहिल्यांदाच त्या मला 'तू' म्हणाल्या. "तू सांगतेस का, तेवढं बघत होते."

संध्याकाळी त्यांनी माझा जबाब घेतला. साहेबांचा निरोप माझ्या फोनवर होता, तो वेळेसकट जसाच्या तसा उतरवून घेतला आणि खाली मला सही करायला लावली. मी विचारलं, "माझं नाव अहवालात येणार नाही ना?"

"येणार. नोंदी कुणी टाकल्या तिथंही आणि साहेबांचा निरोप कुणाला आला तिथंही."

"मी तुम्हाला मदत केली, मॅडम!"

"केलीस. म्हणून काय निम्मं लिहू?"

मी त्या दिवशी त्यांच्याशी पुन्हा बोलले नाही. शेवटच्या दिवशी त्या सामान आवरत होत्या तेव्हा मात्र राहवलं नाही. मला वाटत होतं, एवढं संशयी व्हायला यांच्या आयुष्यात काहीतरी घडलं असणार. कुणीतरी घर लुबाडलं असेल, फसवलं असेल. तसं विचारलंही. त्या हसल्या. अकरा दिवसांतलं ते एकमेव हसू. "नाही गं. आमचं घर सुखरूप आहे. माणसं चांगली भेटली मला. पण नोकरी संशय घ्यायची आहे, तर तो नीट घ्यावा."

कंपनीला 'मोठी सुधारणा हवी' अशी श्रेणी मिळाली. त्याआधीच बाईंचं पत्र कंपनीच्या मुख्य कार्यालयात पोचलं होतं आणि सोमवारचा लिलाव थांबला. लक्ष्मीबाईची मजुरी धरल्यावर अंबादासचा अर्ज नियमात सरळ बसला. मुदत वाढली, हप्ता उतरला. होटगी रोडच्या माणसाला मात्र सवलत मिळाली नाही.

आमची चौकशी लागली. साहेब तिथं शांतपणे म्हणाले, "मला कल्पना नव्हती. पोरगी नवीन, तिनं कंटाळा केला असेल." मी रडायच्या बेतात होते. चौकशी अधिकाऱ्यानं अहवाल उघडला आणि साहेबांचा निरोप मोठ्यानं वाचला, वार आणि वेळेसकट.  महिन्याभरात साहेबांनी नोकरी सोडली. मला ताकीद मिळाली आणि बार्शीला बदली. चौकशीच्या खोलीतून बाहेर आल्यावर मला कळलं, माझं नाव गाळलं असतं तर तो निरोप कुणाला आला हेच अहवालात नसतं, तो पुरावा म्हणून टिकला नसता आणि सगळं माझ्याच गळ्यात पडलं असतं.

हे त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. गेल्या हिवाळ्यात अक्कलकोटला जाणं झालं, तेव्हा विचारत विचारत त्यांच्या गावी गेले. निवृत्त होऊन त्या भावाकडं राहत होत्या. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं फारसं दिसत नव्हतं. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "बार्शीची?" मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि नोंदी आता कोण टाकतं, फोन खरंच करता का, हे खोदून खोदून विचारलं.

त्यांचे भाऊ चहा घेऊन आले. म्हणाले, "बरं झालं कुणी आलं. पेन्शनच्या बँकेचा फॉर्म आलाय. तीन दिवस झाले, अक्का सही करेना. मी वाचून दाखवलं तरी पटेना तिला."

बाईंनी उशाखालून फॉर्म काढून माझ्याकडं दिला. मी सावकाश वाचला, खालच्या बारीक अक्षरासकट. त्या डोळा मिटून ऐकत होत्या. एका ठिकाणी म्हणाल्या, "ते परत वाच." मी परत वाचलं. मग त्यांनी पेनासाठी हात पुढं केला.

मला एकदम भीती वाटली. म्हणाले, "मॅडम, भाऊंना एकदा पडताळून बघू देऊ का?"

"कशाला? तू वाचलंस की," त्या म्हणाल्या. "सही कुठं करायची, दाखव."

मी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं.