कुर्डुवाडी गेली की सांग

शेंगाच्या चटणीचा वास आला की मला विमानच आठवतं. काही वर्षांपूर्वी आत्याला नातीच्या बारशासाठी सोलापूरहून मुंबईला नेत होतो. आत्या माढ्याची, जन्मभर रेल्वेनेच फिरलेली. कडक भाकरी आणि चटणीचं फडकं कुर्डुवाडी मागे पडल्याशिवाय सोडायचं नाही, हा तिचा नेम. विमान वर गेलं तशी मांडीवरचं फडकं घट्ट धरून ती म्हणाली, "कुर्डुवाडी गेली की सांग रं." मी म्हणालो, "आत्या, तासाभरात मुंबईच येतीय." "आं? मग खायाचं कवा?" तिचा चेहराच उतरला, सकाळपासून नुसत्या चहावर होती. खाली सगळे ढगच ढग. मी खिडकीतून वाकून बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, "गेली की, ही काय आत्ताच!" तिने कडाकड भाकरी मोडली, पुढच्या रांगेतली डोकी मागे वळली, तर त्यांच्याही हातावर तिने चटणी ठेवली. शेवटचा घास संपवून ती माझ्या कानाशी आली, "ढगातनं कुर्डुवाडी दिसती व्हय रं? पर भूक लई लागली हुती." आता मी एकटाच जातो; विमान ढगात शिरलं की मनात कुर्डुवाडी ओलांडतो आणि डबा उघडतो.