जावईबापूंच्या मागच्या सीटवर

जावयाला नाही म्हणायची आमच्या घरी पद्धत नव्हती. ताट आधी त्यांचं, पाट आधी त्यांचा, आणि काही चुकलं तर चूक आमची. सत्तरच्या दशकातली गोष्ट. धाकट्या बहिणीचे यजमान तिला न्यायला काटोलहून नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी आले आणि आल्याआल्या त्यांनी फर्मावलं, एकदा चिखलदरा पाहायचं, तेही भाड्याच्या मोटारसायकलवर. वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "जाऊन ये यांच्यासंगं."

बहीण दिवाळीपासून आमच्याकडेच होती. दिवाळीच्या तोंडावर तिला टायफॉइड झाला, तेव्हा या गृहस्थांनी तिला काटोलच्या स्टँडवर एकटीला एस.टी.त बसवून दिलं आणि स्वतः संत्र्याच्या सौद्याला निघून गेले. नागपूरला आम्ही तिला बसमधून उचलून उतरवलं. वडील म्हणायचे, "धंद्याचा माणूस आहे, सीझन होता." मला तो माणूस तेव्हापासून डोळ्यांसमोर नको होता.

निघायच्या सकाळी मी यादी पुढे ठेवून पिशवी भरत होतो. टिंक्चर, कापूस, दोरी, दशम्या. बहीण जवळ येऊन हळूच म्हणाली, "दादा, बाबा तं मले पाठवूनच देतील. तू यांच्यासंगं राहून पाह्य. तू म्हणशील तं जाईन."

परतवाड्याला एका गॅरेजमधून मोटारसायकल घेतली. मी जन्माचा सायकलवाला. जावईबापूंनी तेही विचारलं नाही, सरळ हँडल धरलं. "बसा साळेबुवा, मागं. घट्ट धरा, नाही तं बहीण म्हणंन भाऊ कुठं सांडला."

चिखलदऱ्यात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. त्यांनी मला ते पाहू दिलं नाही. भीमकुंडावर ते कठड्याला पाठ टेकवून उभे राहिले, दरीकडे एकदा थुंकले आणि म्हणाले, "खड्डाच आहे ना हा?" गाविलगडाच्या दरवाज्यापर्यंत जाऊन परत फिरले, कारण आत चालावं लागतं. दशम्या खाताना माझ्या आईच्या हाताला नावं ठेवली. मग बहिणीवर आले. "तुमच्या घरी लाडावून ठेवली तिले. जरा ताप आला का माहेर." मी दशमी गुंडाळून ठेवली. उलट बोलायची सोय नव्हती.

दुपारी घाट उतरायला लागलो. पहिल्याच वळणावर पाटी होती, उतारावर वाहन गिअरमध्ये ठेवा. मी ती मोठ्यानं वाचली. जावईबापू हसले आणि त्यांनी गिअर काढून, चावी फिरवून इंजिनच बंद केलं.

"उतारावर पेट्रोल कायले जाळता, गा? आम्ही काटोल रोडच्या प्रत्येक उतारावर असंच करतो."

आमच्याकडच्या उतारावर असं करून कोणी मेलं नव्हतं, कारण आमच्याकडचा उतार म्हणजे नाल्यावरच्या पुलाचा. चढ समोर येतोच, गाडी आपोआप थांबते. इथे समोर चढ नव्हता. नुसता वाऱ्याचा आवाज आणि ब्रेकची करकर. मग करकर थांबली आणि करपल्याचा वास यायला लागला.

"बापू, इंजिन लावा."

"चूप बसा ना!"

पुढचं वळण आलं तेव्हा त्यांचा पाय ब्रेकवर दाबलेला होता आणि गाडी ऐकत नव्हती. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं नाही. पाय टाकीवरून पलीकडे घेतला, हँडल सोडलं आणि डोंगराच्या बाजूच्या गवतात उडी घेतली.

मागच्या सीटवर मी एकटा. पुढे झुकून जे हाती लागलं ते डोंगराकडे ओढलं. गाडी चारीत घुसून आडवी झाली आणि मी तिच्याखाली. गुडघा फाटला, कोपर सोलपटलं. जावईबापू वरून चालत आले, धोतर झटकत. पहिलं वाक्य म्हणाले, "घरी काही सांगू नका."

टिंक्चर मी स्वतःच लावलं.

दुसऱ्या दिवशी महालात पोचलो. दारातच वडिलांनी माझा गुडघा पाहिला. मी तोंड उघडायच्या आत जावईबापू खुर्चीत बसून बोलायला लागले, "काय सांगू मामंजी! तुमच्या चिरंजीवांनी घाटात गाडी अशी सोडली, अशी सोडली! मी म्हणून राहिलो हळू घ्या, पण ऐकते कोण? मी उडी मारली म्हणून जीव वाचला."

आई पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. अंगणात माझी सायकल भिंतीला टेकलेली होती. वडील त्या सायकलीकडे पाहत राहिले.

बहीण स्वयंपाकघराच्या दारात होती. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याशी आमच्यासमोर बोलली नव्हती. "दादाले फटफटी सुरूबी करता येत नाही," ती म्हणाली. "साऱ्या गल्लीले माहीत आहे." मग तिने मला विचारलं, "उडी मारली तवा तू कुठं होता, दादा?"

"मागं."

ती आत गेली. सासरी न्यायला भरून ठेवलेली ट्रंक उघडल्याचा आवाज आला.

वडिलांनी सायकलीवरची नजर काढली. मग आईला म्हणाले, "कुंकवाचं ताट आण. नारळ, धोतरजोडी. जावईबापूंची पाठवणी करायची आहे."

"आणि तिची?" जावईबापूंनी विचारलं.

"ते ताट एकाचंच आहे."

टिळा लागला, नारळ दिला, धोतरजोडी दिली. मान सगळा झाला. स्टँडवर त्यांची पिशवी मी लंगडत नेली, काटोलच्या बसमध्ये खिडकीची जागा धरून दिली, आणि बस सुटायची वाट न पाहता परत फिरलो.