फक्कीची लायब्ररी

नसलेल्या भिंतींची राखण करणारा माणूस साऱ्या सातारा-सांगलीत एकच होऊन गेला, आणि ते नेमके माझे थोरले मामा निघाले. सैन्यात पूल आणि बराकी बांधून ते रहिमतपूरला परतले, आणि सांगलीबाहेरच्या माळावर नवं कॉलेज निघालं तेव्हा तिथं बांधकामावर मुकादम म्हणून लागले. पांढऱ्या फक्कीनं सगळ्या इमारतींची आखणी झाली आणि तिकडं लढाई पेटली. सिमेंट मिळेना, लोखंड मिळेना. दोन पत्र्याच्या खोल्यांत वर्ग भरू लागले आणि उरलेलं कॉलेज जमिनीवर रेघांतच राहिलं. वाऱ्यानं नाहीतर शेरडांनी रेघा पुसल्या, की मामा टोपलीभर फक्की घेऊन त्या पुन्हा ओढत.

मी त्या कॉलेजात नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी मामांना वर्ग विचारायची चूक केली. "लायब्रीला वळसा घाल, हापिसाच्या जिन्याखालनं जा, म्होरं वर्गच हाय." मला तर चहूकडं माळ दिसत होता. सरळ चालू लागलो तशी मागून आरोळी आली, "आरं, भिताडातनं कुठं निगालास? दार न्हाई व्हय?" गोंधळून मागं फिरलो, तर जिथून बाहेर पडलो ती म्हणे खिडकी होती. पहिला तास बुडाला तो बुडालाच. पुढं वर्षभर मी त्या माळावर चुकतच होतो. प्रिन्सिपॉलसाहेब शहाणे, ते गुमान मामांच्या दारातून ये-जा करत.

लायब्ररीच्या रेघेशी मात्र मामा वहाणा काढून आत जात. "मला सहीपुरतंच येतं गड्या," ते म्हणत, "पर हितं लय पुस्तकं येनार." पुढं त्यांना काचबिंदू झाला. मिरजेच्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लायब्री हुबी ऱ्हायलेली बगू दे, मग डोळं गेलं तरी चालंल."

डोळे आधी गेले आणि मामा रहिमतपूरला घरी जाऊन बसले. लढाई संपल्यावर सिमेंट आलं.

भिंती उभ्या राहिल्यावर मी मामांना रहिमतपुराहून हाताला धरून आणलं. काय काय बांधलं ते सांगण्याच्या नादात मी एकटाच लायब्ररीच्या दारात शिरलो आणि शेजारून चालणारे मामा दाणकन भिंतीवर आदळले. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

"मामा, लागलं का हो?"

कपाळावर टेंगूळ आलेलं, आणि मामा दोन्ही तळव्यांनी भिंत चाचपत उभे होते.

"लागू दे रं. भिताड हाय न्हवं ह्ये? खरंच हाय!"

चाचपत चाचपत ते दारापर्यंत आले, वहाणा काढल्या आणि माझ्यावर खेकसले, "आन् तुला आजून दार गावंना व्हय?"

खरंच गावत नव्हतं. डोळ्यांत पाणी आल्यानं मला समोरचं काही दिसत नव्हतं. शेवटी मामांनीच माझा हात धरून मला आत नेलं.